महागडी क्रीम आयशॅडो: चमक भारीच आहे, पण पैसे वसूल होतात का?

आधीच सांगते, ही आयशॅडो डोळ्यांवर जबरदस्त दिसते आणि तरीही सगळ्यांनी घ्यावी असं मी म्हणणार नाहीये. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मी जे बोलणारे ते या लक्झरीवाल्या बहुतेक डब्यांना लागू पडतं. जाड काचेची छोटीशी डबी, हातात घेतली की छान जड लागते, पण ते वजन काचेचं, आत माल जेमतेम काही ग्रॅम.

शेड घेतली ती तपकिरी आणि तांबूस यांच्या मधली. डबीत बघाल तर अगदी साधी वाटते, पण पापणीवर गेली की कळतं पैसे कशाचे घेतलेत. चकाकीचे दाणे वेगळे दिसत नाहीत, नुसती ओलसर अशी चमक येते, मान वळवली की रंग जरा बदलल्यासारखा वाटतो. ही चमक बहुतेक वेळा अभ्रकाची असते, अभ्रकाच्या अगदी पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देतात आणि त्या थराच्या जाडीवर चमकेचा रंग ठरतो, कण बारीक असतील तर रेशमी फिनिश, मोठे असले की टिकल्या चिकटवल्यासारखं दिसतं. इथे कण बारीक आहेत आणि एकसारखे आहेत, यात स्वस्तातल्या डब्या बऱ्याचदा मार खातात.

लावायला ब्रशच्या भानगडीत पडू नका, बोटच बेस्ट, उबेनं क्रीम मऊ होतं. पापणीच्या मधोमध थोडंसं ठेवायचं आणि कडेकडेनं थोपटत न्यायचं, घासायचं नाही. अशा टिकाऊ क्रीम आयशॅडोत बहुतेक वेळा आयसोडोडेकेनसारखं काहीतरी उडून जाणारं द्रव्य असतं, ते उडालं की मेण, सिलिकॉन आणि रंग यांचा पातळ थर पापणीवर बसतो आणि एकदा बसला की परत हात लावला तर थेट पॅच पडतो. स्वस्त डब्यांमध्ये हे इतकं पटकन होतं की ब्लेंड करेपर्यंत खेळ खलास, हिच्यात मात्र निवांत वेळ मिळतो. तरी एका वेळी एकच डोळा करा.

टिकण्याबद्दल मात्र फार कौतुक नाही करणार. माझ्या पापण्या तेलकट आहेत, पातळ थर लावला तर संध्याकाळपर्यंत नीट राहते, हौसेनं जाड लावली की दुपारीच घडीत रेघ जमा. खाली प्रायमर (मेकअप टिकावा म्हणून आधी लावायचा थर) लावला की बराच फरक पडतो पण मग एवढे पैसे मोजून वर प्रायमर पण आपणच आणायचा का हा प्रश्न येतोच ना. आणि आय क्रीम लावल्या लावल्या वर ही लावू नका, सरकते. काढायला साधा फेसवॉश पुरत नाही, तेलाचा क्लेन्झर लागतो.

आता पैशाचं. मॅट म्हणजे बिनचमकीच्या शेडसाठी लक्झरीत जाऊच नका, मागे घटकांची यादी वाचा, स्वस्त असो की महाग, तपकिरी रंगांसाठी तेच ते आयर्न ऑक्साइड, सीआय (म्हणजे कलर इंडेक्स, रंगांचे ठरलेले क्रमांक) ७७४९१, ७७४९२, ७७४९९. जास्तीचे पैसे द्यायचेच तर शिमरला, म्हणजे चमकदार शेडला द्या, तिथे फरक डोळ्यांना दिसतो.

पण खरी गोची वेगळीच आहे. जे द्रव्य पापणीवरून उडतं तेच डबी उघडली की डबीतूनही उडतं, मग क्रीम कडेनं सुटायला लागतं, घट्ट होतं. डबीवर किंवा खोक्यावर उघड्या डबीचं चिन्ह असतं आणि त्यात ६ एम, १२ एम असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर इतके महिने वापरा. आता सणासमारंभालाच मेकअप करणारी बाई तेवढ्यात डबी संपवणार? शक्यच नाही, अर्धी तर सुकूनच जाणार. जी रोज ऑफिसला जाताना एकच शेड फिरवून मस्कारा लावून निघते तिला मात्र परवडते, कारण दुसरं काही लागतच नाही. बाकीच्यांनी पावडरची आयशॅडो घ्यावी, ती आरामात जास्त काळ चांगली राहते.

घेणारच असाल तर हातावर स्वॅच (रंगाचा नमुना पट्टा) बघून भुलू नका, तिथे सगळ्याच टिकतात, हाताची पापणीसारखी सारखी उघडझाप होत नाही. आणि शाकाहारी मंडळींनी लालसर-जांभळ्या शेड घेताना यादीत कार्माइन किंवा सीआय ७५४७० आहे का ते बघून घ्या, तो रंग किड्यांपासून काढतात. माझ्या तपकिरी शेडमध्ये तो नाहीये.