बिलात चाळीस पोती, अंगणात अकरा

पाचगावच्या उतारावर आमचं घर. प्लॉट सपाट करताना वरच्या अंगाचा मुरूम खणून खाली ओढलेला, म्हणजे देवघर पक्क्या मुरमावर आणि स्वयंपाकघर भरावावर. हे आत्ता कळतंय. तेव्हा दिसत होती ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग. वरच्या टोकाला रुपयाचं नाणं उभं सरकवलं की आत जायचं.

ओळखीतून एक 'पायावाला' आला. हातोडीनं भिंत दोनदा ठोकली आणि म्हणाला, "काकू, पाया पोकळ झालाय. केमिकल मारलं की दगड होतंय बघा!" घराभोवती एक चक्करसुद्धा मारली नाही. १ लाख ८० हजार सांगितले, निम्मे आगाऊ. आमच्या ह्यांनी काढून दिले. तीन दिवस भिंतीत नळ्या ठोकून पांढरट पाणी दाबलं, वर जाळी, गिलावा, रंग. भेग गायब. बिलात सिमेंटची ४० पोती. जळण झाकायला मी रिकामी पोती मागून घेतली होती, ती मोजली तर अकरा! तिथंच बोलायला हवं होतं, पण नवा रंग बघून गप्प बसले.

जुलैत भेग त्याच जागी, जाळी फाडून. त्याचा फोन आधी "येतो की", मग बंद. बिल साध्या कागदावर, ना सही ना जीएसटी नंबर.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. ते आधी बाहेरून फिरले. गच्चीचा पावसाळी पाईप नेमका स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सुटलेला. तिथं पायालगत खड्डा घेतला, तर सळई नुसत्या हातानं फूटभर आत गेली. केमिकलची भोकं जोत्याच्या वरच संपलेली. काळ्या मातीवरच्या भेगा उन्हाळ्यात उघडतात, पावसात मिटतात. आमची पावसात वाढली आणि नंतर मिटलीच नाही, म्हणजे भराव पाणी पिऊन खचतोय, असं त्यांनी समजावलं. भेगेवर सिमेंटनं काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली. पट्टी तडकली तर खचणं चालू. तसं झालं तर एकेक मीटर सोडून पाया खाली मुरमापर्यंत उतरवायचा, सलग खणायचं नाही, नाहीतर भिंतच बसेल.

तोवर पाईप गटारापर्यंत नेला. खर्च २,६०० रुपये. पट्टी अजून शाबूत आहे, पण पुढचा पावसाळा जायचाय.