ॲनाटॉमीच्या पुस्तकांचा स्वस्त 'सेट' घेताय? आधी हे वाचा

"सिनियर पास झाला, पुस्तकं काढायची आहेत" अशी जाहिरात टेलिग्रामवर दिसली, तर धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या पीजीच्या (डॉक्टरकीचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या) मुलांनी पैसे पाठवायच्या आधी हे वाचावं. माझे साडेसात हजार गेले, आणि दुसऱ्यांदा तेवढेच काढायचा डाव होता.

मी धुळ्यात जनरल सर्जरीचा रेसिडेंट. परीक्षा तोंडावर. थिअरीपेक्षा धास्ती व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, कारण केस कुठलीही असो, परीक्षक फिरून सर्जिकल ॲनाटॉमीवरच, म्हणजे ऑपरेशनला लागणाऱ्या शरीररचनेवरच, येतात. हर्निया मांडला की इंग्वायनल कॅनॉलच्या (जांघेतल्या बोगद्याच्या) भिंती, थायरॉइड मांडला की रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, आवाजाचा मज्जातंतू. लायब्ररीतली प्रत कायम कुणाच्या तरी रूमवर. अशात चार पुस्तकांचा संच निम्म्याहून कमी किमतीत, त्यात शरीररचनेचा प्रमाणग्रंथ 'ग्रेज ॲनाटॉमी'ची 42वी म्हणजे 2020ची आवृत्ती. "एमएस, डीएनबी, एमआरसीएस, तिन्ही परीक्षांना चालेल सर," विक्रेता म्हणाला. कॅश ऑन डिलिव्हरी मात्र नाही, कारण साहेब "बाहेरगावी" होते आणि पार्सल त्यांचा मित्र टाकणार होता.

पार्सल आलं, हे मुद्दाम सांगतो. रिकामं खोकं पाठवलं की माणूस सरळ पोलिसात जातो. पुस्तकासारखं काहीतरी पाठवलं की तो "असू दे, चालवून घेऊ" म्हणत बसतो, आणि तेवढ्यात विक्रेत्याचं खातं रिकामं होतं.

कव्हर झकास, 42चा आकडा ठळक. आत कॉपीराइटच्या पानावर 2008, म्हणजे 40वी आवृत्ती, तीही स्कॅन करून काळी-पांढरी छापलेली. फीमोरल ट्रँगल, म्हणजे मांडीच्या वरच्या भागातला त्रिकोण, काढून पाहिला. बाहेरून आत नर्व्ह, आर्टरी, व्हेन (मज्जातंतू, धमनी, शीर) हा क्रम झोपेतही सांगू. पण चित्रात तिन्ही सारख्याच राखाडी, आणि लेबलच्या बारीक रेघा स्कॅनमध्ये उडालेल्या. संचातल्या दुसऱ्या पुस्तकात 'ट्रँगल ऑफ डूम' होता. दुर्बिणीच्या हर्निया ऑपरेशनमधली, व्हास (शुक्रवाहिनी) आणि गोनॅडल व्हेसल्स (वृषणाच्या रक्तवाहिन्या) यांच्या मधली ती जागा. तिथे टॅकर (जाळी ठोकून बसवणारं यंत्र) मारायचा नसतो, कारण खाली एक्स्टर्नल इलियाक आर्टरी आणि व्हेन, या मोठ्या रक्तवाहिन्या. छापलाय नुसता करडा डाग. यावरून शिकून कुणी पोटात दुर्बीण घातली तर पेशंटचं काय, हा विचार छापणाऱ्याला शिवलाही नसेल.

ग्रेजची पाठ सुटायला लागली म्हणून ओळखीच्या बाइंडिंगवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी अंगठ्यानं पानं फरफर सोडली आणि म्हणाले, "दादा, हाई पुस्तक नही शे, झेरॉक्स शे." एवढ्या जाड पुस्तकाचे फर्मे (छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) दोऱ्यानं शिवलेले असतात; इथे सुटी पानं गोंदावर चिकटवली होती. मानेच्या प्रकरणातली सलग सोळा पानं गायब होती, तेही त्यांनीच दाखवलं. सोळाच, म्हणजे मूळ प्रतीतला एक फर्मा निखळला असणार आणि स्कॅन करणाऱ्यानं बघितलंही नाही, असं त्यांचं म्हणणं. थायरॉइड नेमका तिथेच.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर तयारच होतं: "सर, ही इंडियन एडिशन आहे, कागद असाच येतो." ही थाप नीट ओळखा. परदेशी प्रकाशक भारतासाठी स्वस्त आवृत्त्या काढतात, अगदी कायदेशीर. पण ॲनाटॉमीच्या अशा पुस्तकांत सहसा चित्रं रंगीतच असतात आणि कोणत्या देशांत विक्रीला परवानगी आहे ते आत छापलेलं असतं. माझ्या बाडात यातलं काही नव्हतं. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63 : सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. हे त्याला लिहून पाठवलं, तसा स्वर एकदम मवाळ झाला. "रिफंड करतो सर." आणि आला क्यूआर कोड. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.

पैसे यायला पिन लागत नाही. कधीच नाही. स्क्रीनवर त्याच्या खात्यात 7,500 'भरा' असं स्पष्ट दिसत होतं. मी बंद केलं, त्यानं मला ब्लॉक केलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा यूपीआय क्रमांक पहिल्यांदा विचारतात, तो हाताशी ठेवा; चॅट पुसू नका, पार्सलवरचा पत्त्याचा कागद फाडून टाकू नका. फोन जितका लवकर, तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडकण्याची शक्यता जास्त. माझ्या वेळी खात्यात काही उरलं नव्हतं.

जुनी पुस्तकं घेऊच नका असं मी म्हणणार नाही, पीजीला नवी परवडतात कुणाला? पण व्हिडिओ कॉलवर समोरच्याला तिथल्या तिथे कॉपीराइटचं पान, एक रंगीत चित्र आणि मानेच्या प्रकरणाचे पृष्ठक्रमांक दाखवायला सांगा. खरा सिनियर कुरकुरेल, पण दाखवेल. फोटोवर जाऊ नका. माझ्या संचाचा तोच फोटो, पुस्तकांखाली हिरव्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ असलेला, परवा दुसऱ्या नावानं पुन्हा आलाय. किंमत आता सहा हजार.