मोठा अल्फा की मोठा ओमेगा? नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातली कादंबरी लिहायला घेण्याआधी

दोन पुरुषांची प्रेमकथा, वयात पंधरा वर्षांचं अंतर, ओमेगाव्हर्सचं जग (जिथे माणसं जन्मतः अल्फा, बीटा किंवा ओमेगा असतात आणि ओमेगा पुरुषालाही गर्भ राहू शकतो) आणि जागा निफाड-दिंडोरीकडची. एवढं ठरलं की पहिला निर्णय घ्यायचा तो हा: वयाने मोठा कोण? अल्फा की ओमेगा? हा प्रश्न दहाव्या प्रकरणापर्यंत लांबवला तर मागची नऊ प्रकरणं पुन्हा लिहावी लागतात, कारण संवादातल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’पासून ते बागेच्या मालकीपर्यंत सगळं यावर फिरतं.

वय म्हणजे अनुभव, पैसा, गावातली पत. ओमेगाव्हर्समध्ये त्यावर शरीराचं वजन पडतं: अल्फाचा गंध, त्याचा दरारा, ओमेगाचे हीटचे, म्हणजे कामेच्छा अनावर होण्याचे, दिवस. ही दोन्ही वजनं एकाच पारड्यात टाकायची की समोरासमोर ठेवायची, एवढाच खरा फरक आहे. गंमत म्हणजे ‘अल्फा’च्या कल्पनेतही शेवटी वयच डोकावतं. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण मांडलं, त्यातून वरचढ नराची कल्पना रुजली. पुढे डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवलं की रानातला कळप बहुतेक वेळा एक कुटुंबच असतो. तिथले अल्फा म्हणजे आई-बाप. चाहत्यांच्या लेखनातून २०१० च्या सुमारास ओमेगाव्हर्स आकाराला आलं ते जुन्या कल्पनेवर. तुमच्या कादंबरीत कुठला अल्फा हवा, भांडून वर आलेला की घर सांभाळणारा, हे इथेच ठरवून टाका.

मोठा अल्फा, धाकटा ओमेगा

वाचकांना हीच मांडणी जास्त ओळखीची. त्रेचाळीस वर्षांचा बागाईतदार अल्फा, अठ्ठावीस वर्षांचा ओमेगा. आधार, ऊब, ओमेगाने उशा-पांघरुणांनी रचलेलं घरटं, हळूहळू उलगडणारा अबोल माणूस, हे सगळं इथे सहज जमतं. अडचण अशी की अल्फा मालक आणि ओमेगा त्याच्याकडे पगारी असेल, तर वय, शरीर आणि पगार अशी तीन ओझी एकाच बाजूला येतात. मग ओमेगाचा होकार वाचकाला खरा वाटत नाही आणि कितीही गोड प्रसंग लिहिले तरी ती शंका मागे हटत नाही. एक ओझं काढाच. ओमेगाला द्राक्षबागेचा सल्लागार करा. तो सहा-सात बागा फिरतो, फी घेतो आणि ‘पुढच्या आठवड्यापासून येणार नाही’ असं म्हणू शकतो. एवढ्याने संवादाचा सूर बदलतो.

दुसरी चूक हीटच्या प्रसंगात होते. हीट आली, भान सुटलं, अल्फा जवळ होता म्हणून घडलं, असं लिहिलं की प्रेमकथा तिथेच संपते. होकार शुद्धीत आणि आधी यायला हवा. निदान तीन प्रकरणं आधी दोघांनी बसून बोललेलं दाखवा: त्या चार-पाच दिवसांत काय चालेल, काय नाही, दाराची किल्ली कोणाकडे. किल्ली ओमेगाकडेच ठेवा. घरात एखादी बीटा (ना अल्फा, ना ओमेगा) बहीण किंवा मित्र असू द्या, जिच्या नाहीतर ज्याच्या फोनवर तो विसंबू शकतो. मानेवरचा चावा, म्हणजे जोडीची कायमची खूण, या मांडणीत शेवटच्या एक-तृतीयांश भागाआधी आणू नका. तीस प्रकरणांची कादंबरी असेल तर विसाव्याच्या पुढे.

आणि एक गोष्ट अजिबात नको: अल्फाने ओमेगाला लहानपणापासून ओळखणं. ‘अंगाखांद्यावर खेळलेला’ हे दोन शब्द आले की पुढचं सगळं नासतं. दोघांची पहिली भेट दोघेही पूर्ण वयात असताना, पोटापाण्याला लागलेले असतानाच व्हावी.

मोठा ओमेगा, धाकटा अल्फा

इथे ताण आपोआप तयार होतो. बाग ओमेगाची, निर्णय त्याचे, मजूर त्याच्या शब्दावर चालतात. शरीराचं वजन मात्र धाकट्याकडे. त्यामुळे कोणाचं कोणावर चालणार, हे दर प्रसंगात नव्याने ठरतं. नाशिकच्या मातीत ही मांडणी जास्त खोल जाते, आणि त्याचं कारण सातबारा.

आपल्याकडे बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत घरोघर माहीत आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, तरी ‘तुला काय कमी आहे तिकडे’ हे वाक्य थांबलेलं नाही. त्या बहिणीच्या जागी ओमेगा भाऊ ठेवून पाहा. वीस वर्षं बाग त्याने जगवली, कर्ज त्याने फेडलं, आणि त्याच्या आयुष्यात अल्फा येताच भाऊबंद म्हणतात, जमीन आता परक्या घरात जाणार. खलनायक वेगळा आणावा लागत नाही. चुलतभाऊ तलाठ्याकडे एक चक्कर मारतो, एवढं पुरतं.

चुका इथेही ठरलेल्या आहेत. पहिली: मोठ्या ओमेगाला बिचारा करणं. वर्षानुवर्षं हीट दडपणाऱ्या गोळ्या घेतलेला, एकटा, सुकलेला, आणि तरुण अल्फा येऊन त्याला वाचवतो. असं झालं की वयातलं अंतर नुसतं सजावटीला उरतं. त्याला काहीतरी असं द्या जे धाकट्याला येत नाही आणि हवं आहे. दुसरी: अल्फाच्या रटचे (त्याच्या बाजूच्या हीटचे) दिवस म्हणजे आदळआपट. अठ्ठावीस वर्षांचा माणूस स्वतःला आवरू शकत नसेल तर वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. तिसरी: मूल. त्रेचाळिसाव्या वर्षी गर्भ राहणं तुमच्या जगात शक्य आहे का, धोका किती, हे पहिल्या चार-पाच प्रकरणांतच सांगा. शेवटच्या प्रकरणात अचानक आलेलं मूल ढकलून आणल्यासारखं दिसतं.

भाषा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मराठीत वयाचं अंतर सर्वनामातच असतं. धाकटा ‘तुम्ही’ म्हणणार, मोठा ‘तू’. त्यामुळे धाकटा पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो तो क्षण कादंबरीत पहिल्या स्पर्शाइतका महत्त्वाचा. तो एकदाच येतो, वाया घालवू नका. मोठा अल्फा असेल तर हा क्षण उशिरा आणि अल्फाच्या विनंतीवरून यावा. मोठा ओमेगा असेल तर धाकट्याच्या तोंडून चुकून निसटलेला जास्त शोभतो. ‘काका’ कुठेच नको. ‘शेठ’ आणि ‘साहेब’ अंतर ठेवतात. ‘दादा’ मोठ्या ओमेगासाठी फार उपयोगी, कारण तो सोडणं हाच एक प्रसंग होतो.

‘माज’ हा शब्द अर्थाने हीटच्या सगळ्यात जवळचा, पण तो गाई-म्हशींना लागतो आणि दुसरा अर्थ गर्वाचा. प्रेमाच्या प्रसंगात तो वापरू नका. चुलतभावाच्या तोंडी शिवीसारखा टाका, तिथे तो चरचरीत लागतो. निवेदनात ‘हीट’च ठेवा. ‘दंश’ म्हटलं की साप आठवतो, म्हणून ‘चावा’ किंवा ‘खूण’. ‘वास’ बोलण्यात अनेकदा वाईटाकडे झुकतो. ‘गंध’ आणि ‘दरवळ’ जास्त चालतील.

बागेचं वेळापत्रक

हीट दर तीन महिन्यांनी, चार-पाच दिवसांची, अशी धरा. मग ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल, जुलै. ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारीत थंडी आणि काढणीची सुरुवात, एप्रिलमध्ये खरड छाटणी. मोठा ओमेगा बागाईतदार असेल तर ऑक्टोबरची हीट त्याला परवडतच नाही: अवकाळी पाऊस पडला आणि फवारणी दोन दिवस चुकली तर डाऊनी ही बुरशी घड खाऊन टाकते. जुलैत त्यातल्या त्यात उसंत असते, म्हणून दोघांनी ठरवून एकत्र घालवलेले दिवस तिथे ठेवा. मोठा अल्फा असेल तर हेच वेळापत्रक ढिलं पडतं, कारण सल्लागाराची हीट कोणाच्या घडावर बेतत नाही.

दोन तपशील कथानकाला थेट कामी येतात. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक मारलेल्या बागेत दुसरा कुठलाही वास नीट लागत नाही. दोघांनी एकमेकांना ओळखायला उशीर व्हायला हवा असेल तर पहिली भेट तिथेच घडवा. दुसरा: छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते काम करणाऱ्याने मद्य घेतलं तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो. धाकटा अल्फा वाइनरीत काम करत असेल आणि त्याच संध्याकाळी त्याने ओमेगाच्या हातात ग्लास दिला, तर दोघांनाही वाटेल हीट आली. धावपळ दवाखान्याची, आणि खरं कळल्यावर आलेला संकोच प्रेमाच्या कबुलीपेक्षा जास्त बोलतो.

एकच प्रसंग दोन्ही मांडण्यांत लिहून पाहा. जानेवारीची पहाट, पारा चारवर, घडांना थंडी बाधू नये म्हणून बागेत शेकोट्या.

मोठा अल्फा:

त्याने घोंगडी काढली, पण खांद्यावर टाकली नाही. नुसती पुढे धरली.
“घेणार?”
“आणि तुम्ही?”
“मला नाही वाजत.”
“हात थरथरताहेत तुमचे.”

मोठा ओमेगा:

“दादा, जॅकेट घ्या माझं.”
“दादा म्हणू नकोस.”
“मग काय म्हणू?”
तो काठीने निखारे सारत राहिला. “नाव आहे मला.”

पहिल्यात ऊब आहे, दुसऱ्यात धग. कोणतं लिहिताना हात थांबला नाही, ते पाहा. पहिलीच कादंबरी असेल आणि क्रमशः टाकायची असेल, तर आमचा कौल मोठ्या ओमेगाला: संघर्ष फुकट मिळतो, प्रकरण संपवायला अडत नाही. शांत, घरगुती, घरट्याच्या प्रसंगांनी भरलेलं लिहायचं असेल आणि होकाराचं काम चिकाटीने करायची तयारी असेल, तरच मोठा अल्फा घ्या.

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी एका कागदावर चार ओळी उतरवा: दोघांची वयं, सातबाऱ्यावर नाव कोणाचं, किल्ली कोणाकडे, पहिला ‘तू’ कितव्या प्रकरणात. आणि मुखपृष्ठावर ‘१८ वर्षांवरील वाचकांसाठी’ ही ओळ ठळक टाका.