पुढाऱ्यांचा पाठिंबा आणि पेपरात बातमी : एका खजिनदाराचा हिशेब

मी आमच्या छोट्या ट्रस्टची खजिनदार, म्हणून आधी पैशाचं बोलते. नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरला दोन माणसांचं एक ऑफिस आहे. संस्थांच्या बातम्या पेपरवाल्यांपर्यंत पोचवणं, पुढाऱ्यांच्या भेटी ठरवणं, छोटे कार्यक्रम उभे करून देणं हे त्यांचं काम. एका मोहिमेचे पंधरा हजार घेतले. पुढे माझ्या तक्रारीही लिहिल्या आहेत, त्यामुळे नाव लिहीत नाही. अशी कोणतीही सेवा घ्यायच्या विचारात असाल तर काय मागायचं आणि कशाला नाही म्हणायचं, एवढं यातून कळेल.

आमचं काम दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं हंगामात मजुरीला येतात आणि बागेच्या कडेलाच राहतात. मुलांचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत आणि मूल इथे बांधावर, मग गरम आहार मिळणार कुठून? पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी ॲपवर मुलाची नोंद इथल्या अंगणवाडीत वळवता येते, पण अमुक बागेत अमुक मुलं आलीत हे सेविकेला कोणीतरी सांगायला हवं. ते आम्ही सांगतो, आणि नोंद होईपर्यंत दुपारचं जेवण देतो. खिचडी, उसळ, अंडं. यात जाहिरातीसारखं काही नाही.

आमच्या अध्यक्षांच्या डोक्यात मात्र कुसुमाग्रज स्मारकाचा हॉल, आमदार, शाल-श्रीफळ आणि मोठा फ्लेक्स होता. ऑफिस चालवणाऱ्या ताई पूर्वी तालुक्याच्या बातमीदार होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "आमदारांकडून हवंय काय?" अध्यक्ष म्हणाले, "पाठिंबा." ताई म्हणाल्या, "तो कागदावर एका ओळीत लिहून द्या. नाहीतर साहेब येतील, नारळ फोडतील आणि पुढच्या कार्यक्रमाला जातील." माझे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

मग प्रत्येकासाठी एकेक ओळ ठरली. सरपंचांनी दुपारी समाजमंदिराची किल्ली द्यावी. मुकादमाने टोळीत मुलं किती ते आल्या आल्या कळवावं. बागायतदाराने आईला जेवणाच्या सुट्टीत मुलाजवळ जाऊ द्यावं. आमदारांनी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना स्थलांतरित मुलांच्या नोंदीबद्दल पत्र द्यावं. कार्यक्रमाला नाही आले तरी चालेल. (पत्र आलं, साहेब आले नाहीत. अध्यक्ष अजून हळहळतात.)

क्रमही ताईंनीच लावला : आधी सेविका आणि सरपंच, मग पेपर. कारण सांगितलं ते मला कधी सुचलं नसतं. "अमुक गावात कुपोषण" असा मथळा आला की सरपंचाला वाटतं गावाची अब्रू गेली, आणि सेविकेला वरून विचारणा होते. ज्या दोघांच्या जिवावर काम चालणार तेच पहिल्या दिवशी दुखावले जातात. बागायतदाराचं दुखणं वेगळंच. माल युरोपात जाणार असेल, तर द्राक्षांच्या मांडवाखाली मुलांचा फोटो म्हणजे बालमजुरीचा संशय. म्हणून सगळे फोटो समाजमंदिरात घेतले.

आणि फोटोत चेहरा नाही. ही अट आमची होती, पण तोडगा त्यांचा : कुपोषण ओळखायची दंडाची मापपट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर पट्टी लाल दाखवते, १२.५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. नुसता दंड, पट्टी आणि सेविकेची बोटं. वाचणाऱ्याला बरोबर कळतं आणि कोणाचं मूल ते कोणालाच कळत नाही. एका दैनिकाच्या जिल्हा पानावर हा फोटो तीन कॉलम लागला.

प्रेसनोटही त्यांनी निर्दयपणे कापली. आमच्या एका विश्वस्तांनी व्हॉट्सॲपवरून उचललेले आकडे काढून टाकले आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला एकच ठेवला : राज्यात पाच वर्षांखालच्या ३६.१ टक्के मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी. 'टाहो', 'आक्रोश', 'चिमुकले' सगळं गेलं. अंकात जागा ठरायच्या आत, दुपारीच नोट आणि खालच्या ओळीसह (कॅप्शन) फोटो पाठवायचा, हा त्यांचा दंडक. पत्रकार परिषद घेऊच दिली नाही. बातमीदारांना चहा-वडे देण्यापेक्षा त्यातल्या एकाला समाजमंदिरात न्या म्हणाल्या. ते पटलं, खर्चही वाचला.

आता तक्रारी. कोटेशनमध्ये जीएसटीचा उल्लेख नव्हता, बिलात आला. छपाई वेगळी, गाडीभाडं वेगळं, हे आधी स्पष्ट लिहून घ्या. पत्रकारांची यादी जुनी आहे, त्यातल्या काहींची बदली होऊन जमाना झाला. बातमी लागल्यावर जाहिरात विभागांचे 'पॅकेज'साठी फोन येऊ लागले, तेव्हा आम्हालाच तोंड द्यावं लागलं. आणि सोशल मीडियाचं काम त्यांना अजिबात देऊ नका. ऑफिसातल्या मुलाने केलेल्या रीलमध्ये मागे करुण पियानो आणि रडणारं मूल, तेही कुठल्यातरी परदेशी व्हिडिओतलं! ताईंना दाखवलं, त्यांनी ते तिथेच काढायला लावलं. पण आम्ही बघितलं नसतं तर ते गेलंच असतं.

बातमीमुळे देणग्यांचा पूर आला का? नाही. थोड्या आल्या. फायदा दुसरीकडे झाला : बागायतदार जिल्हा पान वाचतात. शेजारच्या गावातल्या एकाने स्वतःहून फोन केला, "माझ्याकडे टोळी उतरलीये, मुलं आहेत, या." असा फोन आम्हाला पूर्वी कधी आला नव्हता.

पाचपैकी चार तारे. एक तारा रीलचा आणि जीएसटीचा कापला. जायचं तर ऑक्टोबर छाटणीच्या आधी जा, म्हणजे टोळ्या उतरेपर्यंत किल्ली आणि पत्र हातात असेल. निवडणुकीची तारीख बघून घ्या, आचारसंहितेत कोणी सही करत नाही. आणि शहर पानावर जागा मिळेल अशी आशा सध्या धरू नका, तिथे सिंहस्थाचे रस्ते आणि साधुग्राम आहे. जिल्हा पान मागा.