चुकीचा दांडा पाठवला, तोच त्यांचा गळ होता

आधी आकडा सांगते, कारण घरच्यांनासुद्धा आठ दिवस मी तो खरा सांगितला नव्हता. ऑनलाइन फसवणुकीत माझे ४५,५८४ रुपये गेले. त्यातले ४२,७३५ एकोणीस मिनिटांत गेले, आणि पिन टाकणारी बोटं माझीच.

आमच्याकडं मुक्कामाची गाडी आहे. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली आणि आरटीओत रीतसर नोंद बदलून घेतली. नळदुर्ग, खरोसा, औंढा नागनाथ असे मुक्काम करून झालेत. मे महिन्यात मराठवाड्यात पत्र्याच्या गाडीत ज्यानं दुपार काढलीय त्याला सांगायला नको, दार उघडं ठेवल्याशिवाय आत बसवत नाही. आणि दार उघडं राहणं हीच आमची अडचण. ते बाहेर उघडतं. पूर्ण मागं नेऊन गाडीच्या अंगाला लावायचं आणि तिथल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खटक्यात अडकवायचं. दोन उन्हाळ्यांत ते प्लास्टिक खडूसारखं ठिसूळ झालं आणि मोडलं. लोक म्हणतात दगड लावा. दाराचा खालचा काठ जमिनीपासून दीड फूट वर, दगड लावायचा कुठं? सुतळीनं बांधलं तर वारा दाराला हिसके देतो आणि बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. मार्चमध्ये असंच दार आपटलं तेव्हा नातीची बोटं चौकटीवर होती. तिनं हात काढला आणि मागोमाग दार आदळलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यामुळं मी हौसेनं मोबाइलवर खरेदी करत बसले होते असं कुणी म्हणू नये.

मोबाइलवर दिसलेल्या जाहिरातीत पांढरी गाडी, निळे पडदे, आणि दाराला डिकीला असतो तसा गॅसचा दांडा. 'वाऱ्यात दार हलणार नाही.' किंमत ५,९९९ खोडून २,८४९. माल आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती, आधीच क्यूआर कोडवर भरायचे. मी भरले. खरं तर असला दांडा डिकीसारखं वर उघडणारं झाकण पेलायला असतो. आडव्या उघडणाऱ्या दारावर तो सारखा रेटा देत राहतो, हे मला नंतर आमच्या वेल्डरनं सांगितलं. घेण्याआधी त्यालाच विचारायला हवं होतं. तुमच्या गाडीचं काहीही बिघडलं तरी आधी गावातल्या कारागिराला दाखवा.

नवव्या दिवशी पार्सल आलं, निघायच्या आदल्या संध्याकाळी. मी ते फोडलंच नाही, तसंच गाडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी नाथसागराच्या काठाला, ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात गाडी लावली आणि तिथं खोकं उघडलं. आत वीतभर लांबीचा दांडा, नळीवर ६० न्यूटन छापलेलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या झाकणाला लावतात तो. खोक्यात एक छापील चिठ्ठी होती: 'चुकीचा माल आल्यास या नंबरवर फोन करा, तासाभरात पैसे परत.'

ही चिठ्ठी नीट लक्षात ठेवा. चुकीचा माल चुकून आलेला नव्हता. तो मुद्दाम पाठवला होता, म्हणजे चिडलेलं माणूस स्वतः फोन करील. फसवणाऱ्याचा फोन येतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं अनोळखी नंबर आला की आपण सावध होतो. इथं मी फोन लावला होता. भांडायला लावला होता. त्यामुळं समोरचा माणूस नमून बोलला तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड आला. 'मॅडम, स्कॅन करा, पैसे जमा होतील.' ११ वाजून ५२ मिनिटांनी २,८४९ गेले. 'सिस्टिमनं उलटं घेतलं, आता दोन्ही मिळून ५,६९८ परत येतील.' ११.५६ ला ५,६९८ गेले. मग १२.०३ ला ११,३९६. मग १२.११ ला २२,७९२. दर वेळी तोवर गेलेली सगळी रक्कम एकदम परत द्यायचं आमिष, आणि दर वेळी तेवढीच रक्कम पुन्हा वजा.

मला रोज आठवतं ते पहिल्या वेळचं पिन टाकणं. रकमेच्या वर एका बाईचं नाव होतं, कंपनीचं नव्हतं. खाली 'पे' लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. वाचलं नाही असं मी म्हणणार नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी शाळेत पालकसभेत दोनदा सांगितलेलं आहे. पण त्याच वेळी पाण्यावरून वारा सुटला, दार सुटलं, हे दाराकडं धावले, नात आत होती, आणि कानात तो माणूस म्हणत होता, 'लवकर करा मॅडम, कोडची मुदत संपेल.' बँकेचा पैसे वजा झाल्याचा मेसेज वर सरकून गेला. फोन कानाला असल्यावर मेसेज दिसत नाही. पैशाचं काही करायचं असेल तर फोन आधी ठेवा. 'कट करू नका' म्हणतोय म्हणजेच कट करायची वेळ झाली.

चौथ्यांदा पैसे गेले तेव्हा रानाचे मालक पाण्याची कळशी घेऊन आले होते. म्हणाले, "बाई, कामून असं तोंड झालं?" तेव्हा मला कळलं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १२.३५ ला फोन लावला, १२.५८ ला माणूस भेटला. १२.११ ते १२.३५ ही चोवीस मिनिटं वाया माझ्यामुळं गेली, कारण आधी मी त्या भामट्यालाच चार वेळा फोन करत बसले. तुम्ही तसं करू नका, थेट १९३० लावा आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. तिथल्या मुलीनं तरी नीट लिहून घेतलं.

बँकेत गेलो तर काउंटरवरचा साहेब म्हणाला, "पिन तुम्हीच टाकला ना?" टाकला. मग पुढं काय? माझी चूक मी मान्य केली, पण ज्या खात्यात पैसे गेले तिथं कळवायचं काम कुणाचं? अर्ज लिहून द्या म्हणाले. दिला. पोच द्या म्हटलं तर शिक्का मारणारा जेवायला गेला होता. पाऊण तास उभी राहिले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तक्रार दिल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेनं सोसायचं असतं, म्हणून पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. भांडून घ्या.

पोलीस ठाण्याचं तर काय सांगू. मुक्कामाजवळच्या ठाण्यात म्हणाले, तुमचं खातं तुमच्या गावचं, तिकडं जा. गावच्या ठाण्यात म्हणाले, घटना तिकडची, तिकडं जा. बेचाळीस डिग्रीत दोन्हीकडं हेलपाटे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यायचा असं स्पष्ट आहे. मी ते कलम कागदावर लिहून नेलं. कागद बाजूला सरकवून मला विचारलं, "मॅडम, शिकलेल्या असून तुम्ही कशा फसलात?" हाच प्रश्न त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून तीनदा विचारला. भामट्याचा नंबर मात्र कुणी एकदाही विचारला नाही. तो नंबर तेव्हा चालू होता. मी तिथंच लावून दाखवते म्हटलं, रिंग ऐकवते म्हटलं. "ते सायबरवाले बघतील." सायबरवाल्यांकडं गेलो तर प्रिंटर बंद, पासबुकाची झेरॉक्स बाहेरून आणा. शेवटी गुन्हा नोंदला नाहीच, अर्जाची पोच मिळाली. एवढ्या हेलपाट्यांत डिझेलचे आणि झेरॉक्सचे मिळून १,१६० रुपये गेले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता तर हवा? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्यानं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवायलाच हवा. त्या जाहिरातीच्या पानावर यातलं काहीही नव्हतं. पैसे भरण्याआधी एवढं तरी बघा, मी बघितलं नाही. १९३० च्या तक्रारीमुळं एका खात्यात ४,२१२ रुपये गोठले आहेत, ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा असं मला सांगितलं.

दार आता नीट राहतं. गावातल्या वेल्डरनं लोखंडी पट्टीचा आकडा करून गाडीच्या अंगाला बसवला, आत रबर घातलं, ३२० रुपये घेतले. वळवाच्या वाऱ्यातही ते हललं नाही.

परवा रात्री ती जाहिरात मला पुन्हा दिसली. तीच पांढरी गाडी, तेच निळे पडदे. किंमत आता २,६४९ केलीय. स्क्रीनशॉट काढून सकाळी ठाण्यात नेला. म्हणाले, "अर्जाला जोडून ठेवा."