बॉडी शेलचा घरगुती साचा, आठ महिने वापरून झाल्यावर

रिमोटवर चालणाऱ्या गाडीचं वरचं पातळ प्लास्टिकचं कवच, म्हणजे बॉडी शेल, मी घरीच साचा करून, तापवलेली शीट त्यावर व्हॅक्यूमने ओढून बनवतो. एप्रिलमध्ये सुरुवात केली, आता डिसेंबर लागला, आतापर्यंत ११ शेल ओढून झाले आणि त्यातले ६ गाडीवर चढवण्यालायक निघाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. गाडी टामिया कंपनीची टीटी-०१, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५७ मिमी, तिच्यावरचं रॅली कारचं शेल मिळणं कधीच बंद झालंय. माझ्याकडचं एकुलतं एक, पुढून फाटलेलं, आतून टेप लावून लावून जगवलेलं.

साचा करणं सोपं आहे बाप्पा, खरंच. शेल उलटं करून टबातल्या कोरड्या वाळूत काठापर्यंत पुरायचं, नाहीतर आतल्या वजनाने दारं फुगतात, शेल गाडीवर बसवायच्या खुंट्यांची (पोस्टची) भोकं टेपने बंद, आतून व्हॅसलीनचा पातळ हात, मग आत प्लास्टर ओतायचं. नागपूरच्या चितार ओळीत एका मूर्तिकार काकांना विचारलं तर ते म्हणाले, "बाबू, पाण्यात पावडर सोडायची, पावडरीत पाणी नाही," आणि तेवढ्यानेच बुडबुडे निम्मे कमी झाले.

मला छळलं ते ओलीने. पहिला साचा पीओपीचा, वजन कमी व्हावं म्हणून मधे विटेचे तुकडे टाकले, त्या विटा पाणी पिऊन बसल्या आणि वरून कोरडा दिसणारा साचा आतून ओलाच. मी घाई करून तो शीट तापवायच्या पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी कडा बोटाने चोळल्या तर पिठासारख्या सुटत होत्या, कारण जास्त तापला की प्लास्टरमधलं बांधलेलं पाणीच उडून जातं. दुसरा केला डेंटल स्टोनचा, दातांचे साचे करतात ना तो, महाग आहे पण कडक, आणि सेट होताना पीओपीपेक्षा कमी फुगतो. हा गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात आठ दिवस ठेवला. नागपूरच्या उन्हाचा एवढा फायदा मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

एक गोष्ट मात्र नक्की करा. साच्यावर सुईने कापायच्या रेघा कोरा, चाकांच्या कमानी, खालची कड, सगळं. त्या नव्या शेलवर बारीक उमटतात आणि कात्री भरकटत नाही. बॉनेटच्या खाचा, ग्रिल, काचांचे कोपरे इथे १ मिमीची भोकं पाडायची, नाहीतर हवा अडकून तिथला आकार गोलमटोल येतो.

शीट १ मिमी पॉलीकार्बोनेट. एका दुकानदाराने मला पॉलीकार्बोनेट म्हणून अॅक्रेलिक दिलं होतं, घरी येऊन कोपरा वाकवला तर तडकन तुटला, तर दुकानातच वाकवून बघत जा. तापताना शीट आधी लाटांसारखी होते, मग परत ताणून सपाट होते, मग मधे लोंबायला लागते, तेव्हा झटकन साच्यावर. आधी मी लाटा दिसल्या की ओढायचो, दोन शेल त्यातच गेले. ओढायला घरचाच व्हॅक्यूम क्लीनर. (दिवाळीच्या सफाईत तो साच्याच्या पेटीला चिकटलेला सापडला, त्यावर घरात जे ऐकावं लागलं ते जाऊ द्या.)

जुलैत मात्र सगळं बिघडलं. तीच शीट, तोच साचा, आणि अख्ख्या छतावर साबुदाण्यासारखे बुडबुडे. पॉलीकार्बोनेट हवेतली ओल पितं हे तेव्हा कळलं. आता शीटच्या दोन्ही बाजूंची संरक्षक फिल्म काढून १२० अंशांवर दोन तास सुकवतो, मगच तापवतो. पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकला सहसा एवढं करावं लागत नाही, कमी तापमानाला छान ओढलं जातं, पण एक शेल मेमध्ये कारच्या मागच्या काचेखाली राहिलं ते वाकडंच झालं आणि दुसरं कंपाउंडच्या भिंतीला एकदा लागलं की चिरलं. शोकेससाठी ठीक, पळवायला नाही.

रंग आतून, पॉलीकार्बोनेटसाठीचाच, टामियाचा पीएस स्प्रे. साध्या स्प्रेचे पापुद्रे निघतात. गडद रंग आधी, फिकट मागून. स्टिकर आणि काचांचे मास्क साच्यातून येत नाहीत भाऊ, ते हातानेच कापावे लागतात आणि माझे अजून वाकडे येतात.

साच्याच्या डाव्या हेडलाइटचा कोपरा उडालाय, एपॉक्सी पुट्टीने भरलाय, चालतंय. जुनं शेल फेकलं नाही, एप्रिलचं ऊन लागलं की नवा साचा ओतणार, या वेळी विटा न टाकता.