पाऱ्याचा वायुभारमापक की निर्द्रव?

घरी हवामानाच्या नोंदी ठेवू इच्छिणाऱ्या एका स्नेह्यांना जुना वायुभारमापक (हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर) घ्यायचा आहे, पण पाऱ्याचा की निर्द्रव, म्हणजे द्रव न वापरणारा, हे ठरत नाही. अचूकतेत पारा सरस आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी व हवामानतज्ज्ञ फिट्झरॉय यांनी एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या मच्छीमार बंदरांत लोकांसाठी लावलेली यंत्रे पाऱ्याचीच होती. मात्र समुद्रसपाटीला नळीत सुमारे ७६ सेंटीमीटर उंच राहणाऱ्या पाऱ्याच्या स्तंभाच्या प्रत्येक वाचनाला तापमानाची दुरुस्ती लागते आणि नळी फुटल्यास विषारी पारा घरभर पसरतो. फ्रेंच संशोधक लुसियाँ विदी यांच्या १८४४ च्या निर्द्रव यंत्रात हवा काढलेली धातूची डबी दाबानुसार आकुंचन पावते. ते हलके असते, परंतु अधूनमधून जुळवून घ्यावे लागते. तबकडीवरील ‘पाऊस’, ‘स्वच्छ’ या शब्दांवर विसंबू नये. दाब किती वेगाने बदलतो, तेच पाहावे. घरगुती नोंदींसाठी निर्द्रवच घ्यावा. पाऱ्याचा देखरेखीची सोय असलेल्या प्रयोगशाळेनेच ठेवावा.